टीव्ही घेण्याआधी नक्की कोणाचं ऐकायचं? रिव्ह्यू कसे वाचता?

गोदाकाठची

मंडळी, निफाडला आई-बाबांसाठी ५५ इंची टीव्ही घ्यायचाय. बजेट चाळीस-पंचेचाळीस हजार. "कुठला घेऊ" असा धागा नाही हा. ते इथे पैशाला पासरी आहेत आणि प्रत्येकात ज्याने जो घेतलाय तोच तो सुचवतो. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: सांगणाऱ्यांपैकी विश्वास कोणावर ठेवायचा?

ऑनलाइन बघावं तर सगळ्याच टीव्हींना ४.१ ते ४.४ तारे. निवडायला उपयोग शून्य. खाली वाचायला गेलं तर "पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेआधी, टीव्ही अजून लावला नाही" याला पाच तारे आणि "इन्स्टॉलेशनवाला दोन दिवस फिरकला नाही" याला एक. टीव्ही कसा आहे याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नाहीत.

मी सध्या काय करते ते सांगते. पाचवाले आणि एकवाले बाजूला ठेवून दोन-तीन तारेवाले वाचते. तिथला माणूस हुरळलेला नसतो आणि भडकलेलाही नसतो, वापरून काहीतरी नेमकं खटकलेलं असतं. क्रम 'नवे आधी' असा लावते. आणि लोकांनी टाकलेले फोटो बघते. त्यात खरं घर दिसतं, समोरची खिडकी पडद्यावर किती चमकतेय तेही दिसतं.

पण परवा ५५ इंचीच्या पानावर एकाने लिहिलेलं सापडलं: "तेरा हजारांत याहून भारी टीव्ही मिळणार नाही, बेडरूमसाठी परफेक्ट." ५५ इंची आणि तेरा हजार? मग लक्षात आलं, की ३२, ४३, ५० आणि ५५ अशा सगळ्या मापांचे रिव्ह्यू एकाच पानाखाली ओतलेत. त्यातला ३२ इंची तर फोर-के सोडाच, नुसता एचडी रेडी. म्हणजे त्या हजारो ताऱ्यांपैकी ५५ इंचीच्या वाट्याचे किती, देव जाणे.

तर तुम्ही कुठे वाचता, कसं वाचता, कोणाला विचारता?

खटपट्या

रुमाल टाकून ठेवतो. दसऱ्याला मलाही घ्यायचाय.

रेझिस्टर

चांगला धागा. ताई, एकत्र ओतलेल्या रिव्ह्यूंचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्यात आणखी एक मेख आहे. एकाच मालिकेतल्या ४३ आणि ५५ इंचीत पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, वेगळ्या जातीचं असू शकतं. एकात व्हीए, दुसऱ्यात आयपीएस. व्हीएचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, कॉन्ट्रास्ट (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्यातलं प्रमाण) साधारण तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त. आयपीएसचा हजाराच्या आसपास, त्यामुळे रात्री दिवे घालवून बघितलं की काळं राखाडी वाटतं. पण आयपीएस बाजूने बसून बघितलं तरी रंग उडत नाहीत. आता एकजण लिहितो "पिक्चर जबरदस्त" आणि दुसरा लिहितो "बाजूने फिकट दिसतं". दोघंही खरं बोलत असतात, टीव्ही मात्र वेगवेगळे असतात.

म्हणून मी आधी मोजमाप करणाऱ्यांकडे जातो. आरटिंग्ज नावाची माँट्रियलची एक साइट आहे. ते टीव्ही कंपनीकडून मागवत नाहीत, स्वतःच्या पैशाने विकत घेतात आणि सगळ्यांवर एकाच पद्धतीने त्याच चाचण्या करतात. उजेड किती निट्स (हे पडद्याच्या उजेडाचं माप), कॉन्ट्रास्ट किती, बाजूने बघताना रंग कधी बदलतो, सगळे आकडे मांडलेले. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून हेच करतेय, जाहिरात न घेता. इंग्लंडची 'विच?' १९५७ पासून.

अडचण एकच. तिकडची मॉडेलं इकडे त्याच नावाने येत नाहीत, आणि आली तरी आतलं पॅनल तेच असेल याची खात्री नाही. म्हणून मी तिथे "कुठला घ्यावा" हे बघायला जात नाही, काय विचारावं हे शिकायला जातो. उदाहरणार्थ, खोक्यावर 'एचडीआर' (उजळ-गडद भाग जास्त ठळक दाखवणारं चित्र) लिहिलेलं असतं. याचा अर्थ टीव्ही तसा सिग्नल स्वीकारतो एवढाच. जेमतेम २५०-३०० निट्स उजेडाच्या पडद्यावर एचडीआर चालू केलं की चित्र उलट अंधारतं. 'मोशन रेट १२०' वगैरेचंही तेच, पॅनल मुळात ६० हर्ट्झचंच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारं असतं. एवढं माहीत असलं की कुठलाही रिव्ह्यू दोन मिनिटांत पारखता येतो. निट्स आणि कॉन्ट्रास्टचं नाव न घेता कोणी "कलर्स पंची आहेत" म्हणाला, की मी पुढे सरकतो.

ओट्यावरून

रेझिस्टरदादा, छान समजावलंत, पण आमच्यासारख्यांना निट्स डोळ्यांनीच मोजावे लागतात. त्यासाठी दुकान.

दुकानात दोन गोष्टी करा. एक, जो माणूस समजावतोय त्याला सरळ विचारा, "तुम्ही दुकानाचे की कंपनीचे?" मोठ्या शोरूममधले निम्मे लोक कंपन्यांनी बसवलेले प्रमोटर असतात, अंगात टी-शर्ट कुठलाही असो. विचारलं की खरं सांगतात बिचारे. मग त्यांच्याकडून त्यांच्या ब्रँडची माहिती घ्यायची आणि शेजारच्या ब्रँडचे दोषही त्यांच्याकडूनच ऐकायचे. नंतर शेजारच्याकडे जाऊन उलटा फेरा.

दोन, पेनड्राइव्ह न्या. दुकानातले सगळे टीव्ही 'स्टोअर मोड'वर असतात, उजेड आणि रंग पार टोकाला ताणलेले, आणि वर तो पोपट-फुलपाखरांचा व्हिडिओ. त्यावर भिकार टीव्हीही देखणा दिसतो. मी नेते त्यात एक रात्रीचा अंधारा प्रसंग असतो आणि एक मॅचचा तुकडा. टीव्ही होम मोडवर टाकायला सांगायचा. अंधारात चेहरे दिसतात का, चेंडूमागे शेपूट येतं का, एवढं बघायचं. आणि निवेदकाचा आवाज! आवाजावर कोणीच रिव्ह्यू लिहीत नाही आणि आई-बाबांना आधी तोच ऐकू यायला हवा असतो.

अण्णा_बॅकलाइट

नमस्कार. माझं सोलापुरात टीव्ही रिपेरिंगचं दुकान आहे. वडिलांच्या काळी पिक्चर ट्यूबचे दुरुस्त व्हायचे, आता एलईडी. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

रिव्ह्यू बघा, बहुतेक सगळे पहिल्या आठ-पंधरा दिवसांतले. आमच्याकडं टीव्ही येतो तो वॉरंटी संपल्यावर. म्हणजे लिहिणारा लिहून मोकळा झालेला असतो आन् खरी गोष्ट पुढं सुरू होते.

काय येतं सांगतो. सगळ्यात जास्त बॅकलाइट. आवाज येतो, चित्र दिसत नाही, टॉर्च मारून बघितलं की आत पुसट चित्र हलताना दिसतं. म्हणजे मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या. एका पट्टीवर एक दिवा गेला तरी अख्खी ओळ बंद. कंपनीकडून येतानाच बॅकलाइट फुल्लवर असतो आन् लोक तसाच वर्षानुवर्षं चालवतात, गरम होऊन होऊन पट्ट्या जातात. ही दुरुस्ती परवडते. दुसरं बोर्ड, म्हणजे आतलं सर्किट. आन् तिसरं पॅनल. पॅनलवर उभी रेघ आली की गिऱ्हाइकाला मीच सांगतो, नवा घ्या, पॅनलची किंमत नव्या टीव्हीच्या आसपास जाते.

आता मुद्द्याचं. बोर्ड जळालं तर ते मिळतं का, हाच माझा रिव्ह्यू. काही ब्रँड फक्त ऑनलाइन विकतात, स्वतःचा कारखाना नाही, ह्या वर्षी एकाकडून बनवून घेतलं, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून. त्यांचं दोन वर्षं जुनं बोर्ड मागितलं तर कोणाकडंच नसतं. मग आम्ही युनिव्हर्सल बोर्ड बसवतो, टीव्ही चालतो, पण स्मार्टपणा आन् रिमोटवरचं माइक गेलं समजा. जुन्या मोठ्या कंपन्यांचं सामान महाग, पण मिळतं तरी. नावं घेत नाही, धंदा करायचाय.

ताईंनी निफाडच्या किंवा लासलगावच्या मेकॅनिककडं जावं आन् विचारावं, "कोणाचे टीव्ही तुमच्याकडं जास्त येतात, आन् कोणाचं सामान मिळत नाही?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जास्त विकला जातो तो जास्त येणारच. सामान न मिळणारा तो टाळा.

खटपट्या

अण्णा, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावतो.

निवृत्त_नामदार

अहो, टीव्ही शोधताय की जावई? आमच्या वेळी गल्लीत ज्याच्याकडे पहिला टीव्ही आला त्याचाच ब्रँड सगळ्यांनी घेतला आणि सगळ्यांचे वीस वर्षं चालले. आता एवढा अभ्यास करून घेतलेला पाचव्या वर्षी भंगारात. त्यापेक्षा मोठं नाव बघा, बिल घ्या आणि झोपा निवांत.

कॅमेऱ्यामागचा

नामदार काका, मोठं नाव हाही एक रिव्ह्यूच झाला की, फक्त जुना. असो.

मी काही काळ एका टेक चॅनेलवर एडिटिंग करायचो, तेव्हा यूट्यूबच्या बाजूचं थोडं सांगतो. लोकांना वाटतं सगळे रिव्ह्यू पैसे घेऊन केलेले असतात. तसं नसतं, आणि म्हणूनच ओळखणं अवघड जातं.

कंपनी फोन किंवा टीव्ही आठ-दहा दिवस आधी पाठवते, सोबत एम्बार्गोची वेळ. म्हणजे अमुक तारखेला सकाळी अमुक वाजेपर्यंत व्हिडिओ टाकायचा नाही. म्हणून सगळे व्हिडिओ एकाच मिनिटाला येतात. जो त्या मिनिटाला नसेल त्याचे व्ह्यूज गेले. त्यामुळे युनिट मिळत राहणं ही चॅनेलची गरज. "वाईट बोलू नका" असं कोणी सांगत नाही, सांगावं लागतच नाही. पुढचं युनिट उशिरा आलं की कळतं.

दुसरं, वर्णनातल्या लिंका. त्यावरून खरेदी झाली की चॅनेलला कमिशन. कुठला ब्रँड घेतला याच्याशी चॅनेलला देणंघेणं नाही, तुम्ही काहीतरी घ्यावं एवढंच हवं असतं. "या वर्षी काहीच घेऊ नका, जुना चालवा" या व्हिडिओत कोणाचंच पोट भरत नाही. म्हणून 'या महिन्यातले टॉप ५' नेहमी पाचच असतात, तीन कधीच नसतात.

मग बघायचं कोणाला? माझी साधी परीक्षा: त्या चॅनेलचे दीड-दोन वर्षं जुने व्हिडिओ उघडा. तेव्हा ज्याला 'बेस्ट' म्हटलं होतं त्याबद्दल नंतर कधी परत बोललेत का? सहा महिन्यांनंतरचा व्हिडिओ आहे का? एखाद्या मोठ्या ब्रँडला कधी सरळ नको म्हटलंय का? आणि त्या जुन्या व्हिडिओखालच्या आत्ताच्या कमेंट वाचा. "वर्षभरात डिस्प्लेवर हिरवी रेघ आली" असं लिहिणारे तिथे येऊन लिहितात. व्हिडिओपेक्षा त्या कमेंट मोलाच्या.

आणि बेंचमार्कच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणी-ॲपच्या, आकड्यांना भुलू नका. २०२१ मध्ये वनप्लस ९ मालिका आणि २०२२ मध्ये सॅमसंगचे एस१० ते एस२२ हे फोन गीकबेंच या अशाच ॲपने आपल्या यादीतून काढले होते. रोजच्या ॲप्सना फोन वेग कमी द्यायचा आणि चाचणीच्या ॲपला पूर्ण. ते पकडलं कोणी? चिकाटीने मोजणाऱ्यांनी. वनप्लसचं आनंदटेक या चाचण्या करणाऱ्या साइटने उघड केलं होतं. ती साइट ऑगस्ट २०२४ मध्ये बंद पडली. असल्या कामाला जाहिराती पुरत नाहीत.

कलम_दोन

कायद्याचा कोपरा मी भरतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे, की विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू टाकायचे नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. रिव्ह्यू कोणी लिहिला हे पडताळा, विकत घेतलेले किंवा कंपनीच्या माणसांनी लिहिलेले चालणार नाहीत, वगैरे. आणलं ते ऐच्छिक म्हणून.

यूट्यूब-इन्स्टावाल्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि जानेवारी २०२३ ची पुस्तिका आहे. फुकट वस्तू, सहल, सवलत, काहीही मिळालं असेल तर व्हिडिओत ठळक सांगायचं. वर्णनाच्या तळाशी हॅशटॅगांच्या गर्दीत लपवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

खटपट्या

साहेब, ऐच्छिक मानक म्हणजे 'कृपया थुंकू नये'ची पाटी ना?

कलम_दोन

बरंचसं तसंच, पण पाटीचाही उपयोग होतो. तक्रार करताना दाखवायला काहीतरी असतं. १९१५ वर फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. रिव्ह्यू खोटा होता म्हणून नाही, पण "पानावर लिहिलेलं वैशिष्ट्य वस्तूत नाही" म्हणून तक्रार केली की विक्रेते हलतात. म्हणून ऑर्डर देताना त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. नंतर पान बदलतं.

चिंचपोकळीची_चिमणी

खोट्या रिव्ह्यूंवरून. मी एक नेकबँड (गळ्यात अडकवायचा इअरफोन) मागवला होता, नाव सांगत नाही. खोक्यात चकचकीत कार्ड: 'पाच तारे द्या, फोटो टाका, स्क्रीनशॉट या नंबरवर व्हॉट्सॲप करा, १५० रुपये मिळवा.' म्हणजे रिव्ह्यू देणारी मी खरी, खरेदीही खरी, 'व्हेरिफाइड पर्चेस'चा शिक्काही खरा. फक्त मत विकत घेतलेलं. मी कार्डाचा फोटो काढला आणि तोच रिव्ह्यूत टाकला, एक तारा देऊन. तो रिव्ह्यू काही छापला गेला नाही.

शिक्क्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

रेझिस्टर

हा जगभरचा उद्योग आहे. २०२१ मध्ये ॲमेझॉनने ऑकी, एमपाऊ, रॅवपॉवर अशा चांगल्या खपाच्या ब्रँडना साइटवरून काढलं. खोक्यात गिफ्ट कार्डची चिठ्ठी घालायची पद्धत तेव्हा बरीच गाजली. आणि गंमत म्हणजे यातल्या काहींच्या वस्तू खरंच बऱ्या होत्या. २०२२ मध्ये रिव्ह्यूंची देवाणघेवाण करणाऱ्या दहा हजारांहून जास्त फेसबुक गटांच्या चालकांवर त्यांनी खटला भरला. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे.

खोटे रिव्ह्यू ओळखून द्यायला फेकस्पॉट नावाचं साधन होतं, मोझिलाने २०२३ मध्ये ते घेतलं आणि १ जुलै २०२५ ला बंद केलं. त्यामुळे आता आपलं आपणच बघायचं. मी तारखा बघतो. चार दिवसांत पाच ताऱ्यांचा लोंढा आणि मग महिनाभर शुकशुकाट असेल तर दाल में काला. पण सेल लागून गेल्यावरही असाच लोंढा येतो, तेव्हा घाईने निकाल देऊ नका.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून. इथे वस्तू तपासून गुण देणारी श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही संस्था आहे, १९६४ पासून. गुण दिले की कंपन्या तो शिक्का खोक्यावर मिरवतात. पूर्ण अहवाल वाचायला थोडे पैसे मोजावे लागतात आणि लोक मोजतात. आपल्याकडे "रिव्ह्यूला कशाला पैसे?" म्हणतो आणि मग ते पैसे कंपनी देते.

तुम्हाला फुकटात उपयोगी पडेल असं एक सांगते. युरोपात विकल्या जाणाऱ्या टीव्हीवर मार्च २०२१ पासून नवं ऊर्जालेबल आहे, त्यावरचा क्यूआर कोड एप्रेल नावाच्या सरकारी नोंदवहीत नेतो. ती कुठूनही उघडते. तिथे प्रत्येक मॉडेलला वीज किती लागते हे तर आहेच, शिवाय सुटे भाग आणि सॉफ्टवेअर अपडेट किमान किती वर्षं मिळतील हेही कंपनीने लिहून द्यावं लागतं. जून २०२५ पासून फोनचंही आहे: पडल्यावर किती टिकतो, बॅटरी किती चक्रं चालते, दुरुस्तीला किती सोपा. भारतातलं मॉडेल तंतोतंत तेच नसेल, फोनची बॅटरी तर बरेचदा इकडे युरोपात लहान असते, आणि सुट्या भागांची ती हमी युरोपापुरतीच. पण कुठली कंपनी कायद्याने सांगितलंय तेवढंच देते आणि कुठली त्याहून जास्त, हे तिथे लगेच दिसतं.

पंखा_पाचवर

ताऱ्यांवरून आठवलं. बीईईचे (सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारे आणि ऑनलाइन तारे यांत लोक गल्लत करतात. बीईईचे मोजलेले असतात, पण त्यांनाही मुदत असते आणि ती लेबलवरच छापलेली असते. स्प्लिट एसीचं बघा. जून २०२२ पर्यंत आयसीअर (विजेच्या मानाने गारवा किती, याचं माप) ४.५ असला की पाच तारे मिळायचे, जुलै २०२२ पासून ५.० लागू लागला. त्यामुळे तेव्हा जुना पाच तारेवाला स्टॉकमधून स्वस्तात मिळाला तरी तो नव्या हिशेबाने चारचा असू शकायचा. तारे मोजण्यापेक्षा खाली लिहिलेले वर्षाचे युनिट वाचा. एसीसाठी ते वर्षाला १६०० तास धरून काढतात. नागपूरकरांनी आपल्या हिशेबाने वाढवून घ्यावेत.

अर्धवट_आयटी

अवांतर, पण लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी. एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-चार प्रकार असतात. रिव्ह्यूवाल्याकडे चांगल्या स्क्रीनचा जातो, सेलमध्ये स्वस्त मिळतो त्यात बारीक अक्षरात '४५% एनटीएससी, २५० निट्स' लिहिलेलं असतं. म्हणजे फिक्या रंगांचा पडदा, लाल टोमॅटो केशरी दिसणार. शोधताना '१००% एसआरजीबी' (म्हणजे रंग नीट दाखवणारा) आहे का बघा. नोटबुकचेक या साइटवर पॅनलच्या नंबरापर्यंत माहिती असते. नुसत्या मालिकेच्या नावाने रिव्ह्यू शोधू नका, पूर्ण मॉडेल नंबर टाकून शोधा.

आणि पॉवर बँकवर १०००० एमएएच लिहिलेलं आतल्या सेलचं असतं, ३.७ व्होल्टचं. म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टने येताना भागिले ५ केले तर ७४००, त्यात वाया जाणारं वजा जाता सहा हजारांच्या आसपास. "फोन दोनदा चार्ज होत नाही, फसवणूक!" असे एक तारेवाले रिव्ह्यू निम्मे यामुळेच असतात.

निवृत्त_नामदार

माझ्या पहिल्या प्रतिसादात टिंगल होती, आता गंभीरपणे एक. हे सगळं एकेकट्याने करायचं काम नव्हेच. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली निघाली ती एकत्र येऊन पारखून घेण्यासाठीच. आम्ही त्यांच्या संघात होतो, महिन्याचं सामान वाटायला जिन्याखाली बसायचो. वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्या दिल्लीच्या कन्झ्युमर व्हॉइस आणि अहमदाबादच्या सीईआरसी या ग्राहक संस्थांनी बरीच वर्षं केल्या. पण टीव्ही-फोनची मॉडेलं इतकी झपाट्याने बदलतात की चाचणीचा निकाल हातात येईपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेलं असतं. गीझर, मिक्सर, पंखा यांना अजून उपयोग आहे.

मग उरतं काय, तर अण्णांसारखी माणसं. यांचं अनुभवाचं बाड कोणीतरी लिहून काढलं पाहिजे.

कॅमेऱ्यामागचा

काका, शंभर टक्के. फक्त एक शंका. मेकॅनिकला बिघडलेलेच दिसतात. न बिघडता चालणारे त्याच्याकडे येतच नाहीत. त्याचंही मत एकांगी नाही का?

अण्णा_बॅकलाइट

आहेच की एकांगी. पण कुठल्या बाजूला कललंय ते तुम्हाला माहीत आहे, मलाही. त्या यूट्यूबवाल्याचं कळतंय का?

आन् लेथ मशिनवाला, कापड दुकानदार, सगळ्यांकडं टीव्ही आहेच. मी घरी जाऊन दुरुस्त करतो तेव्हा हॉलमधला चालू टीव्ही पण बघतोच. "हा कधीचा?" विचारायची सवयच आहे.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काय केलं ते सांगते. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा ब्रँडयुद्धात जाईल. यादीतले तीन टीव्ही होते. त्यातल्या एकाचं पूर्ण मॉडेल नंबर टाकून शोधल्यावर कळलं, की यूट्यूबवर ज्याचे रिव्ह्यू आहेत तो गेल्या वर्षीचा, शेवटचं अक्षर वेगळं. नव्याचा एकही मोजलेला रिव्ह्यू नाही. तो बाद. राहिलेल्या दोघांच्या कस्टमर केअरला पिनकोड सांगून विचारलं, माणूस कुठून येतो. एकाचा नाशिकहून, दुसऱ्याचं उत्तर "तक्रार नोंदवल्यावर कळेल". बाबा स्वतः लासलगावला एका मेकॅनिककडे जाऊन आले आणि तासभर गप्पा मारून आले. त्यानेही अण्णांसारखंच बोर्डांचं सांगितलं, आणि त्याच नाशिकवाल्याचं सामान मिळतं म्हणाला.

आई ओट्यावरून तिरपी बघते, म्हणून रेझिस्टरदादांचं आयपीएसचं विशेष कामाला आलं. दुकानात मुद्दाम एका बाजूला उभं राहून बघितलं. रात्री दिवे घालवून सिनेमा बघणारं तिथे कोणी नाही, तेव्हा काळ्याचं राखाडी झालं तर चालेल. पेनड्राइव्ह लावल्यावर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे पहिल्यांदाच कोणीतरी आणलं." आवाज मात्र दोघांचाही पोकळ आहे, एक साधा साउंडबार घ्यावा लागेलसं दिसतंय.

अण्णा, दोन प्रश्न. वाढीव वॉरंटी घ्यावी का? आणि निफाडला विजेचा खेळखंडोबा असतो, स्टॅबिलायझर हवाच का? दुकानदार म्हणतो टीव्हीत आतच असतो.

अण्णा_बॅकलाइट

वाढीव वॉरंटी कंपनीची असली तर घ्या, दुकानाची किंवा तिसऱ्याचीच असली तर कागद आधी वाचा. पॅनल त्यात धरलंय का, तेवढं एक वाक्य शोधा. "पॅनल वगळून" असेल तर पैसे वाचवा, बाकीचं मी करून देतो. पहिल्या वर्षाच्या वॉरंटीतसुद्धा पडदा फुटला, पाणी गेलं, पाल आत शिरून शॉर्ट झाला, हे बसत नाही. पालीचं हसू नका, महिन्याला एक तरी येतो.

दुकानदार अर्धं बरोबर बोलतो. टीव्हीचा पॉवर सप्लाय कमी-जास्त व्होल्टेज सांभाळतो, खोक्यावर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं ते त्याचंच. पण लाइट गेल्यावर परत येताना जो दणका बसतो, किंवा न्यूट्रल तुटून चारशे व्होल्ट घरात येतो, त्याला तो पुरत नाही. निफाडला असेल तर स्टॅबिलायझर घ्या, हाय-कट असलेला, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की वीज तोडणारा. आन् पावसाळ्यात वीज कडकडायला लागली की प्लग काढायचा, सेट-टॉप बॉक्सची केबलपण. नुसता प्लग काढून केबल तशीच ठेवलेले टीव्ही माझ्याकडं जुलैत रांगेनं येतात. एचडीएमआयच्या बाजूनं जळालेले.

बॅकलाइट पहिल्याच दिवशी साठ-सत्तरवर आणा. बिलावर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या, सिरियल नंबरसकट. खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, एका दमात, मधे बंद न करता. बहुतेक ठिकाणी टीव्हीला रिटर्न नसतो, बदलून देतात, आन् पडदा आधीच फुटलेला होता हे तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं.

खटपट्या

अण्णा, हाय-कटवाला स्टॅबिलायझर साधारण केवढ्याला पडतो? आणि ५५ इंचीला किती ॲम्पिअरचा?

अण्णा_बॅकलाइट

ॲम्पिअर टीव्हीच्या मागं वॉट लिहिलेले असतात त्यावरून धरा, साउंडबार आन् सेट-टॉप बॉक्सचे त्यात मिळवा. ५५ ला बहुतेक दोन-तीन ॲम्पिअरवाला पुरतो. भाव गावाप्रमाणं बदलतो, तिथंच विचारा. ऑनलाइन घेऊ नका, त्याचे रिव्ह्यू तर टीव्हीहून भारी लिहिलेले असतात.